थोरांचा घास

१

वर्षावास संपला, दिव्यांचा सण झाला आणि ह्निन यी लग्न होऊन यांगूनमधल्या सासरच्या घरी आली. घर तसं भलं होतं. सासू मायाळू, सासूची थोरली बहीण ठार बहिरी, आणि चुलतसासरे चहाच्या दुकानात देशाचा कारभार आटोपून येतील तेव्हा जेवायला बसणार. ते येईपर्यंत कुणाच्या बोटाला भात लागत नसे. या घरात भूकसुद्धा वयाने मोठ्या माणसाला आधी लागते, हे ह्निनला पहिल्याच आठवड्यात कळलं. तिची तक्रार नव्हती. माहेरीही तेच होतं. फक्त नवऱ्याबरोबर दोघंच बसून गरम भात खावा, एवढं एक तिच्या मनात राहून गेलं होतं.

म्हणून झ्वेने आगबोटीची तिकिटं आणली, तेव्हा तिला इरावती नदीचं अप्रूप वाटलं नाही. बोटीवर आपल्यापेक्षा मोठं कुणी नसेल, याचं वाटलं. झ्वे सागवानाच्या कारखान्यात लाकूडकामाचे नकाशे काढायचा. 'थीडा' नावाची ती बोट युद्धात बुडाली होती, पुढे कधीतरी गाळातून वर काढली गेली, आणि आता हौशी प्रवाशांसाठी नवी करून पाण्यात सोडली होती. तिच्या जेवणघराच्या भिंती आणि खुर्च्या झ्वेच्याच कारखान्याने केल्या होत्या, म्हणून तिकिटं स्वस्तात मिळाली. प्ये गावाहून निघायचं आणि प्रवाहाच्या उलट मंडालेला पोचायचं. घरी ती नवऱ्याला सगळ्यांदेखत 'को झ्वे' म्हणायची आणि 'तुम्ही' म्हणायची. बोटीची शिडी चढता चढताच तिने ठरवून टाकलं, की पाण्यावर आहोत तोवर नुसतं झ्वे आणि तू.

पहिलं जेवण दुपारचं होतं. वरच्या मजल्यावर पुढच्या बाजूला जेवणघर, पिवळसर नवं सागवान, पितळेचे पंखे. खिडकीजवळचं चौघांचं टेबल त्यांना मिळालं. वाढायला ऊ थांट नावाचे साठीचे गृहस्थ होते, पांढरा कोट आणि खाली लुंगी. काटे विरघळेपर्यंत शिजवलेला पल्ला मासा आला, आंबाडीचं आंबट सार आलं, भात आला. ह्निनने डाव उचलला आणि पहिला घास समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढच्या ताटलीत ठेवला, वर माशाचा तुकडाही.

घरी हा घास भाताच्या झाकणात ठेवतात, घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाचा म्हणून. माणूस गावाला गेलेला असला तरी ठेवतात. इथे झाकण नव्हतं, ताटली होती.

"हा कुणाला गं?" झ्वे म्हणाला. "काका मागून पोहत येतायत की काय?"

"सुट्टी आहे हे हाताला सांगायला विसरले," ती म्हणाली, आणि दोघं पोटभर हसली.

जेवण झाल्यावर ऊ थांट ताटल्या उचलायला आले, तेव्हा ती तिसरी ताटली स्वच्छ होती. नुसती रिकामी नव्हे. हाताने जेवणारा माणूस शेवटी बोटाने निपटून काढतो, तशी. बाजूच्या बोटं बुडवायच्या वाटीतलं पाणी गढूळ झालं होतं.

झ्वेने खाल्लं असणार, असं ह्निनला वाटलं. ह्निनने खाल्लं असणार, असं झ्वेला वाटलं. एका घासाची ती गोष्ट. नव्या नवराबायकोत असले घास कुणी विचारत बसत नाही.

२

सकाळी मोहिंगाचे, माशाच्या रशातल्या शेवयांचे, वाडगे आले ते तीन.

ऊ थांटनी दोघांचे वाडगे एका हाताने, गप्पा मारत ठेवले. तिसरा मात्र दोन्ही हातांनी रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला, अलगद, आवाज न करता. ह्निनने विचारलं, तर म्हणाले की काल तुमच्या टेबलावर तिघांची भांडी उष्टी निघाली, म्हणून तीन आणले. बोलताना त्यांची नजर त्या खुर्चीकडे गेली आणि लगेच बाजूला झाली. जेवत्या माणसाकडे टक लावून पाहू नये म्हणून आपण नजर वळवतो, तशी.

ह्निन लग्नाआधी औषधांच्या दुकानात कामाला होती. कुठल्याही बाटलीला नाव असतं आणि तारीख असते, यावर तिचा विश्वास होता. भांड्यांचा हिशोब तिने लगेच लावला. कालची ताटली हीच त्यातली तिसरी, आणि ती तिच्यामुळेच उष्टी झाली होती. झालं. तिने झ्वेला सांगितलं की तिसरा वाडगा तू संपव, नाहीतर वाया जाईल. झ्वे हो म्हणाला. पण त्याने त्या वाडग्याला हात लावला नाही.

मग तिचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. बोटीवरची माणसं वाकून चालत होती. अर्थात जुन्या बोटीची दारं ठेंगणी असतात, स्वतः तिचंही डोकं एकदा चौकटीवर आपटलं होतं. दारातून वाकूनच यावं लागे. पण दारातून आत आल्यावर लोक सरळ होत, आपापल्या टेबलाकडे निघत, आणि तिच्या टेबलाजवळून जाताना पुन्हा खांदे पाडून, कमरेत थोडे वाकून पुढे सरकत. तिथे वर चौकट नव्हती. तिथे छत तर चांगलं उंच होतं.

एखाद्या वडीलधाऱ्या माणसासमोरून जाताना वाकतात, तेवढेच ते वाकत होते. जास्त नाही, कमी नाही.

तिने टेबलाखाली पाहिलं. पाय तिचे दोन आणि झ्वेचे दोन. स्वतःवर चिडून तिने सगळा मोहिंगा संपवला आणि मान वर केली, तर तिसरा वाडगा अर्धा झाला होता. वाऱ्याने वाफ उडते, रस आटतो, असं तिने मनाशी म्हटलं. शेवया आटत नाहीत, हे तिला नंतर डेकवर उन्हात बसल्यावर सुचलं.

३

शेजारच्या टेबलावर आंटी चो बसायच्या. मॉलम्याइनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, विधवा, आणि तोंडाच्या फटकळ. नवं जोडपं म्हटल्यावर त्यांना करमणूकच मिळाली. झ्वेला त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, की बायकोकडे असं बघू नकोस, नदी उथळ आहे, बोट रुतेल. ह्निनला म्हणाल्या, की सासूबद्दल जे काही बोलायचं असेल ते पाण्यावरच बोलून घे, पाणी पुढे वाहून जातं.

दुपारी त्या लाह्पे घेऊन गप्पा मारायला आल्या. मुरलेला चहापाला, शेंगदाणे, तळलेला लसूण अशी ती थाळी त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवली, आणि मागे वळून आपल्या टेबलाची जड सागवानी खुर्ची फरफटत ओढू लागल्या. टेबलाच्या चौथ्या बाजूला ह्निनची पिशवी होती, पण तिसरी खुर्ची समोरच मोकळी होती.

ह्निन म्हणाली, "आंटी, ही आहे की. कशाला ओढताय?"

"बरी आहेस," आंटी चो धापा टाकत म्हणाल्या. "थोरामोठ्यांच्या जागेवर बसू का मी आता?"

बोलून झाल्यावर त्या थांबल्या. आपण असं का म्हणालो, हे आठवत असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी मान झटकली, खुर्ची टेकवली, आणि मुलींना गणित कसं येत नाही याबद्दल बोलू लागल्या. बोलता बोलता त्यांनी थाळीतला पहिला चिमटा उचलला आणि तिसऱ्या ताटलीत ठेवला. त्यांचं त्याकडे लक्षही नव्हतं.

४

इथवर ह्निन स्वतःला समजावू शकत होती. झ्वे बदलू लागला तेव्हा मात्र तिला समजूत सापडेना.

तो जेवायला बसल्यावर थांबू लागला. भात पुढ्यात, चमचा हातात, आणि डोळे खाली. ह्निनने सुरुवात केली की तो हलक्या आवाजात म्हणायचा, "थांब ना. सुरू करू देत."

"कुणाला?"

"काय कुणाला?" असं म्हणून तो तिच्याकडे बघायचा, आणि मग जेवू लागायचा. तोवर भात निवलेला असायचा.

त्याने केबिनमधल्या उशा फिरवल्या. पाय जेवणघराच्या भिंतीकडे होत होते, ते आता उलट झाले. डेकवर मोठ्याने हसेनासा झाला. ती 'झ्वे' म्हणाली की पटकन आजूबाजूला बघायचा, घरी काकांच्या समोर तिची जीभ घसरली असती तर बघितलं असतं तसा. दोन दिवस हा माणूस तिचा होता. तिच्याशी भांडला होता, तिच्या ताटातला मासा पळवला होता, तिच्या गालावरचा थनाखाचा पिवळा लेप पुसून तिला चिडवलं होतं. आता तो पुन्हा घरातला झ्वे झाला होता, आणि घर तर यांगूनला होतं.

एका दुपारी सगळे आपापल्या केबिनमध्ये पडले असताना ती त्याला शोधत जेवणघरात आली. पंखे बंद होते. यंत्राचा ठोका पायांखालून येत होता. झ्वे त्या खुर्चीपुढे जमिनीवर बसला होता, दोन्ही पाय एका बाजूला दुमडून, आणि त्याचे हात खुर्चीच्या बैठकीच्या पुढे, गुडघ्याच्या उंचीवर होते. अंगठे दाबत, सोडत, थोडे खाली सरकत, पुन्हा दाबत. तो रोज संध्याकाळी काकांचे पाय असेच चेपायचा.

"काय करतोस?"

तो दचकला नाही. "सांधा बघतोय," म्हणाला. "आमच्या कारखान्याचं काम आहे. लाकूड पाणी ओढतंय का बघत होतो."

हे पटण्यासारखं होतं. त्याचा धंदाच तो. पण लाकूड त्याच्या हातांपासून वीतभर लांब होतं. केबिनमध्ये परतल्यावर त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला तेव्हा त्या हाताला वास होता. माशाचा नव्हे, वंगणाचाही नव्हे. नदीचं पाणी उतरलं की तळाचा काळा गाळ उघडा पडतो, त्याचा.

५

वाटेत मग्वे गावाला फोनची रेघ आली आणि सासूबाईंचा आवाज आला. जेवता ना नीट, थंडी आहे का, असं सगळं विचारून झालं. ह्निनने सहज विचारावं तसं विचारलं, की बाहेरगावी थोरांचा घास ठेवावा का. सासूबाईंना सुनेचं कौतुक वाटलं. म्हणाल्या, ठेव की, पण नाव घेऊन ठेव. घरात कोण थोरलं ते भांड्यांनासुद्धा ठाऊक असतं. परक्याच्या घरात नाव न घेता ठेवलास, तर त्या घरातलं जे थोरलं असेल त्याला पोचतो तो. आणि एकदा घास दिला की ते आपलेच वडील झाले, मग मोडता येत नाही. एवढं सांगून त्या मुळ्याच्या भावाकडे वळल्या.

त्या दिवशी दुपारी ह्निनने डाव उचलला, पहिला घास आपल्याच ताटलीच्या कडेला ठेवला, आणि स्पष्ट म्हणाली, "हा मे मेंचा. माझ्या सासूबाईंचा."

समोरची ताटली तिने कोरडी ठेवली.

प्रथम तिला काही जाणवलं नाही. ती जेवू लागली. मग स्वतःच्या चावण्याचा आवाज तिला फार मोठा वाटू लागला. तिने मान वर केली. जेवणघरात कुणीही जेवत नव्हतं. सगळ्यांपुढे वाढलेलं होतं, आणि सगळे मांडीवर हात ठेवून, नजर खाली घालून बसले होते. आंटी चो सुद्धा. कोपऱ्यातल्या टेबलावरचं फ्रेंच म्हातारं जोडपं, ज्यांना इथली एकही रीत ठाऊक नव्हती, तेही काटे खाली ठेवून बसले होते. कुणी रागावलेलं नव्हतं, कुणी घाबरलेलं नव्हतं. घरचं मोठं माणूस हात धुवायला गेलं आहे, येईलच एवढ्यात, अशा सवयीच्या सबुरीने सगळे थांबले होते. दारात ऊ थांट साराचं भांडं दोन्ही हातांत धरून उभे होते.

ह्निनने वाट पाहिली. साराची वाफ विझली. माशाच्या रशावर साय धरली. यंत्राचा ठोका तेवढा चालू होता.

शेवटी झ्वे मान वर न करता, अगदी हळू, लाज वाटल्यासारखा म्हणाला, "ह्निन. का उपाशी ठेवतेस?"

तिने डाव उचलला आणि समोरच्या ताटलीत घास ठेवला. नाव घेतलं नाही. घ्यायला नाव तिला ठाऊकच नव्हतं. क्षणभराने सगळ्या जेवणघरात चमचे वाजू लागले, आणि आंटी चो मिरची तिखट असल्याबद्दल कुरकुरू लागल्या.

६

मंडालेला बोट सकाळी लागली. सामान डेकवर आलं होतं. झ्वे कुठे आहे हे ह्निनला कुणाला विचारावं लागलं नाही.

तो जेवणघरात खुर्चीपुढे गुडघ्यांवर होता. हात जोडलेले. प्रवासाला निघताना वडिलांपुढे तीनदा डोकं टेकायचं, त्यांनी आशीर्वाद देऊन जा म्हणायचं, मग उठायचं. ते तोंडाने सुटका करत नाहीत तोवर उठायचं नाही.

"को झ्वे," ती म्हणाली, आणि घरचं संबोधन तोंडातून गेलं हे तिला ऐकू आलं. "बोट लागली. उतरायचं ना?"

"ते अजून हो म्हणाले नाहीत."

"कोण?"

या वेळी त्याने 'काय कोण' असं विचारलं नाही. "असं विचारू नये," म्हणाला. "ऐकू येतं त्यांना."

मग तो खालच्या आवाजात तिला समजावू लागला. लाकूड नवं आहे, पावसाळ्यात फुगेल, कुणीतरी घरचं बोटीवर राहायला हवं. तू पुढे जा. मे मेंना सोबत होईल. मी येईन सवडीने. ह्निनला तो आवाज ओळखीचा होता. आपल्या खोलीची खिडकी उघडायची नाही असं काका म्हणाले, हे त्याने याच आवाजात सांगितलं होतं. वडीलधाऱ्यांना नाही म्हणताना तिने त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. जे हो म्हणणार होते, त्यांनाच विचारायला हवं होतं.

बाहेर हमाल हाका मारत होते. ती झ्वेच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि तिने कपाळ लाकडाला टेकवलं. लाकूड ओलसर होतं.

"यांना माझ्याबरोबर जाऊ द्या," ती म्हणाली.

काही झालं नाही. तो गाळाचा वास जवळ आला, एवढंच.

"घरी आई आहे यांची. मोठी माणसं आहेत. वाट बघतायत."

काही नाही. शेजारी झ्वेचा श्वास संथ, झोपलेल्या माणसासारखा चालला होता. तो इथून उठणार नाही, हे तिला आत कुठेतरी थंडपणे कळलं. आणखी कुणी हलवलं, ओढलं, तरी नाही. भीतीने तिच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं आणि जीभ तेवढी उरली, आणि त्या जिभेने लहानपणापासून घोकलेलं वाक्य म्हटलं. कुठल्याही घरातून निघताना, म्हातारं माणूस जा म्हणायला जड होऊ लागलं की सगळ्या लेकीसुना हेच म्हणतात. म्हणणाऱ्याला माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही माहीत असतं की कुणी येत नसतं.

"मग तुम्हीच चला ना आमच्याकडे. आमच्या हातचं जेवा. राहा आमच्याकडे."

खुर्ची करकरली. वजन पडल्यावर करकरते तशी नव्हे, वजन उतरल्यावर लाकूड मोकळं होतं, तशी.

मान वर करायची नसते. तिने ती केली नाही. पण डोळे उघडे होते, आणि कपाळापासून हातभर अंतरावर, जमिनीलगत, ती टाच तिला दिसली. म्हाताऱ्या माणसाची, भेगाळलेली, भेगांत काळा गाळ. ती उचलली गेली, पुढे टेकली, आणि लाकडावर ओल उरली.

"ऊठ आता," झ्वे तिच्या खांद्याला हात लावून म्हणाला. त्याचा चेहरा स्वच्छ, हसरा होता. पहिल्या दिवसासारखा. "हो म्हणाले."

७

मंडालेला धक्का असा नाही. बोटीपासून वाळूच्या काठापर्यंत एक लांब फळी टाकतात, आणि दोन खलाशी एक बांबू खांद्यावर आडवा धरून उभे राहतात, उतरणाऱ्याला कठडा म्हणून. खूप ऊन पडलं होतं. काठावर टांगेवाले, तळणीवाल्या, ओरडाआरडा. आंटी चो आधीच उतरून एका टांगेवाल्याला शिकवत होत्या.

ह्निन पुढे निघाली. फळी तिच्याखाली वाकली आणि ती काठावर उतरली तशी सरळ झाली. वाळू गरम होती, पायाला चटका बसला, आणि तिला रडू येईल इतकं बरं वाटलं. झ्वे येत होता. तो खरंच येत होता, एका खांद्यावर पिशवी, फळीवर पाय टाकत. अर्ध्यावर आल्यावर तो मागे वळला, आणि आडवा होत होत चालू लागला, एक हात मागे लांबवून, तळवा वर.

"हळू," तो म्हणत होता. "सावकाश या. फळी ओली आहे."

फळी ओली नव्हती. तो काठावर उतरला, त्याच्याखालची फळी सरळ झाली, तरी त्याने हात मागे घेतला नाही. खलाशीही बांबू खाली ठेवत नव्हते. मागे कुणी नव्हतं, तरी ते दोघं तो धरून उभे होते, नजर खाली घालून.

ह्निनच्या मनात विचार चालू होता. रस्त्याकडची खोली काकांची. मागची ओलसर आहे, पण तिथे जिना चढावा लागत नाही. मधल्या खोलीतला पलंग हलवला तर खिडकीशी एक खुर्ची बसेल. सासूबाईंना सांगायचं कसं, तेवढं बघायला हवं. मागचीच बरी, तिने ठरवलं. आणि आपण हे काय ठरवतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा फळी मधोमध तिसऱ्यांदा वाकली होती, आणि हळूहळू, म्हातारं माणूस चालतं तशी, तिच्याकडे वाकत येत होती.